मधला पट्टा उतरला की पुढचे माग बंद: ‘कंपनी ऑफ हीरोज’बद्दल, जरा उशिरा

हा गेम २००६ च्या सप्टेंबरात आला आणि मी त्याच्याबद्दल आत्ता लिहितोय, म्हणजे वरातीमागून घोडं. पण आमच्याकडं हे घोडं अजून रोज रात्री साडेदहाला दाराशी येऊन उभं राहतं, म्हणून लिहितो.

मी सोलापूरचा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड आणि सोळा माग. कोपऱ्यात दहा बाय दहाचं ऑफिस. त्यात बिलांच्या फायली, सुताच्या नमुन्यांची पिशवी, सिद्धरामेश्वरांचा फोटो आणि एक कॉम्प्युटर. त्याच्यावर दिवसा टॅली चालते आणि रात्री नॉर्मंडीची लढाई. दार लावून घेतलं तरी मागांचा खटखटाट आत येतोच. सुरुवातीला मला कळायचं नाही की मशीनगन गेममध्ये चाललीय का शेडमध्ये. आता कळतं. मागाचा ठेका चुकत नाही, मशीनगन मध्येच श्वास घेते.

या गेमशी गाठ पडली २००७ साली, नवी पेठेतल्या एका सायबर कॅफेत. पहिला मजला, लाकडी जिना, तासाला पंधरा रुपये. लोडशेडिंगचे दिवस होते. लाईट गेली की इन्व्हर्टर अर्धा तास टिकायचा, त्यामुळं काय पराक्रम गाजवायचा तो तेवढ्यात. त्याआधी आम्ही सगळे ‘एज ऑफ एम्पायर्स’वर पोसलेले. त्यातला धर्म सोपा होता: आधी निवांत लाकडं तोडा, शेती करा, सोनं खणा, भिंती घाला, आणि मग हत्ती-घोडे एकदम सोडा. तीच सवय घेऊन मी इथं बसलो आणि छावणीतल्या छावणीत इमारती बांधायला लागलो. चार-पाच मिनिटांत जर्मनांनी निम्मा नकाशा खाल्ला. शेजारच्या खुर्चीवरचा पोरगा माझ्या स्क्रीनकडं बघून म्हणाला, ‘‘काय बे, वास्तुशांत हाय का आज?’’

तिथून पुढं मी कॅफेत दोन वर्षं हा गेम खेळलो, मग लग्न झालं, माग वाढले, गेम सुटला. तीन वर्षांमागं स्टीमवर, म्हणजे गेमच्या ऑनलाइन दुकानात, सेलमध्ये दिसला. किंमत इतकी उतरली होती की पार्क चौपाटीवर दोघांनी पोटभर खाल्लं तर त्याहून जास्त बिल होईल. घेतला. आता माझं मत पिकलेलं आहे असं समजा.

आधी गेम काय आहे ते सांगतो, ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढं सरकावं. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या रेलिक कंपनीनं केलेला हा रिअल टाइम स्ट्रॅटेजी गेम. दुसरं महायुद्ध, जागा फ्रान्समधली नॉर्मंडी, साल १९४४. तुम्ही वरून बघता आणि हुकूम सोडता. बुद्धिबळासारखी आळीपाळीनं चाल नाही. तुम्ही डोकं खाजवताय तोवर समोरचा घरात शिरलेला असतो. एकेक शिपाई हाकायचा नाही, तुकडी हाकायची. अमेरिकन रायफलवाल्यांची तुकडी सहा जणांची. हाताशी तीन गोष्टी असतात: माणूसबळ, दारूगोळा आणि इंधन. दारूगोळ्यातून हातबॉम्ब, तोफांचा मारा, बंदुका सुधारणं. इंधनातून गाड्या आणि रणगाडे. या दोन गोष्टी जमिनीतून खणायच्या नाहीत, झाडं तोडून मिळवायच्या नाहीत. नकाशाचे तुकडे पाडलेले आहेत. प्रत्येक तुकड्यात एक निशाणाची जागा. तिथं माणसं नेऊन उभी करा, थोडा वेळ थांबा, झेंडा चढतो, तो तुकडा तुमचा. जमीन आहे तोवर माल येत राहतो. जमीन जितकी जास्त, तितकी मोठी फौज ठेवता येते. म्हणून इथं घरात बसून चालत नाही, पहिल्या मिनिटापासून दारावर दार ठोठावत फिरावं लागतं. आमच्या धंद्यात वसुलीला जातात तसं.

आता मुख्य गोष्ट. माझ्या मते हा गेम ज्या एका खिळ्यावर टांगलाय तो खिळा. नुसता तुकडा ताब्यात असून उपयोग नाही. तो तुमच्या मुख्य छावणीशी सलग जोडलेला पाहिजे. मधला एक तुकडा शत्रूनं घेतला की त्याच्या पलीकडचे सगळे तुकडे तुमच्याच रंगाचे राहतात, झेंडाही तुमचाच फडकत असतो, पण तिथून एक थेंब येत नाही.

हे मला कॅफेत दोन वर्षं खेळूनही नीट उमगलं नव्हतं. उमगलं ते आप्पांमुळं.

आप्पा म्हणजे माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर. मागावर बसण्यात आयुष्य गेलं, आता फक्त रात्री जेवण झालं की शेडवर चक्कर मारतात, हातानं कापड चाचपून बघतात आणि माझ्या ऑफिसात येऊन खुर्चीवर बसतात. इंग्रजी येत नाही. गेम-बिम काय ते ठाऊक नाही. असेच एका रात्री बसले होते. मी शर्मन रणगाड्याची वाट बघत होतो. इमारत झालेली, माणूसबळ भरपूर, पण इंधनाचा आकडा काही हलेना. नकाशाच्या वरच्या कोपऱ्यात इंधनाची चांगली जागा माझ्या ताब्यात होती, तिच्यावर खर्च करून चौकीसुद्धा बांधली होती. तरी आकडा ढिम्म. मी पुटपुटत होतो. आप्पांनी छोट्या नकाशावर बोट ठेवलं.

‘‘हे निळं तुझं का?’’

‘‘हो.’’

‘‘मग मधी हे लाल काय आहे?’’

दोन पोरांची एक जर्मन तुकडी, त्यांच्यात सगळ्यात स्वस्त असलेले पायोनियर, केव्हातरी कुंपणाच्या कडेनं येऊन मधला एक फालतू तुकडा घेऊन गेले होते. त्यात ना इंधन ना दारूगोळा, म्हणून माझं लक्षच नव्हतं.

‘‘मधला पट्टा उतरलाय की रे,’’ आप्पा म्हणाले. ‘‘पुढचे माग कसे चालतील?’’

ज्यांनी जुनी शेड बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं पूर्वी मागाला मोटर नव्हती. सगळ्या शेडला मिळून एक मोटर. छताखालून शाफ्ट फिरायचा, त्याच्यावरून पट्टे खाली मागांवर उतरायचे. शेड वाढली तेव्हा पलीकडं दुसरा शाफ्ट टाकला आणि दोन्ही शाफ्ट एका पट्ट्यानं जोडले. तो मधला पट्टा पावसाळ्यात ढिला होऊन निसटायचा. निसटला की पलीकडचे आठ माग जागच्या जागी थांबायचे. त्या मागांत काही बिघाड नाही. सूत आहे, कांडी भरलेली आहे, विणकर उभा आहे. पण चालत नाही. आणि नवशिका असला की तो त्या आठ मागांपाशी जाऊन वंगण घालत बसायचा, ठोकत बसायचा. मी नेमका तसाच इंधनाच्या चौकीकडं बघत बसलो होतो.

त्या दिवसापासून माझा खेळ बदलला. आता मी इंधनाच्या जागेवर धावत नाही. समोरच्याचा मधला पट्टा कुठला ते शोधतो. त्याची चांगली जागा लढून घ्यायची म्हटलं तर दोन तुकड्या खर्ची पडतात. मधला रिकामा तुकडा एक जीप आणि एक इंजिनिअरांची तुकडी पाठवून कापता येतो, आणि तो पुढची तीन-चार मिनिटं त्याच्या न चालणाऱ्या मागांना वंगण घालत बसतो. काट्याची तार टाकली, दोन सुरुंग पेरले की अजून बरं. इतक्या वर्षांत कितीतरी युद्धाचे गेम बघितले, रसद ही गोष्ट इतक्या सोप्या रीतीनं पोटात उतरवलेली दुसरीकडं दिसली नाही. बाकीच्यांत रसद म्हणजे कोपऱ्यातला आकडा. इथं ती डोळ्यांना दिसते, आणि मागावर बसलेल्या म्हाताऱ्यालाही दिसते.

दुसरी गोष्ट माघारीची. प्रत्येक तुकडीला माघारीचं बटण आहे. दाबलं की माणसं असतील तिथून हातातलं सोडून छावणीकडं पळत सुटतात. पळताना तुमचा हुकूम ऐकत नाहीत, थेट घर गाठतात. नवा खेळणारा ते बटण दाबत नाही, त्याला लाज वाटते. शेवटच्या माणसापर्यंत लढवतो. मग होतं काय, अख्खी तुकडी मेली तर नवी उभी करायला २७० माणूसबळ लागतं आणि येतात ती कोरी पोरं. पण एक जरी जिवंत परत आला, तरी छावणीत उरलेले पाच कमी खर्चात भरता येतात, आणि तुकडीनं कमावलेला अनुभव तसाच राहतो. त्या एकाच्या अंगातलं बाकी पाचांत उतरतं. कारखान्यात आमचं हेच चालतं. एक जुना विणकर असेल तर त्याच्या हाताखाली पाच पोरं सहा महिन्यांत तयार होतात. तो एक भिवंडीला निघून गेला, की पाचही पोरं असून नसल्यासारखी.

माघारीची वेळ ओळखणं हाच या गेममधला हातखंडा आहे. एमजी-४२ नावाची जर्मन मशीनगन समोरून गाठली की तुमची माणसं आधी खाली वाकतात, मग जमिनीला चिकटतात. चिकटली की रांगण्यापलीकडं काही करता येत नाही. अशा वेळी पुढं रेटण्यात अर्थ नसतो. एक तुकडी समोर दगडी भिंतीमागं ठेवायची, दुसरी बाजूच्या गल्लीनं फिरवून मशीनगनच्या पाठीवर घालायची, हातबॉम्ब टाकायचा. तोफखान्याची किंवा मशीनगनची माणसं मेली आणि हत्यार शाबूत राहिलं तर ते उचलून आपलं करता येतं. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा कॅफेत मी खुर्चीवरून उठलो होतो आणि हेडफोनची वायर तुटली होती. भरपाई द्यावी लागली.

आडोशाचा हिशेबही लय भारी. माउस नेला की माणसं कुठं उभी राहतील तिथं टिंबं दिसतात. हिरवी म्हणजे पक्का आडोसा, पिवळी म्हणजे बरा, लाल म्हणजे उघड्यावर. आणि आडोसा कायमचा नसतो. घरात लपलात तर घर पाडता येतं. भिंत रणगाड्याखाली जाते. उलट मोकळ्या मैदानावर तोफगोळा पडला की खड्डा होतो आणि तोच खड्डा पुढं कुणाचा तरी आडोसा बनतो. लढाई सुरू होताना जे गाव चित्रातल्यासारखं असतं, कुंपणं, चर्च, अंगणात वाळत घातलेले कपडे, त्याचं पाऊण तासात काय होतं ते बघवत नाही. पण प्रत्येक खड्डा कुणी, कधी पाडला ते तुम्हाला आठवत असतं.

अमेरिकनांच्या छावणीत जखमींसाठी एक केंद्र बांधता येतं. तिथले वैद्यकीय शिपाई आपणहून बाहेर पडतात आणि रणांगणावर पडलेली माणसं उचलून आणतात. पुरेशी जमली की त्यांची नवी तुकडी फुकट मिळते. मला हे दृश्य बघायला आवडतं. सगळीकडं धडामधुडूम चाललेलं असतं आणि ही दोन माणसं वाकून पळत जातात, एकाला उचलून आणतात. सोलापूरच्या माणसाला इथं डॉ. कोटणीस आठवल्याशिवाय राहत नाहीत. १९३८ मध्ये भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातले ते एक. तिथल्या युद्धात जखमींवर उपचार करत राहिले आणि १९४२ च्या डिसेंबरात तिकडंच गेले. आमच्या शाळेची सहल दरवर्षी कुठं का जाईना, त्यांच्या स्मारकाचा विषय एकदा निघायचाच. गेममध्ये मात्र शिपायांची नावं लक्षात राहतात आणि त्या उचलणाऱ्या माणसांना नावच नाही.

जर्मनांची बाजू घेतली तर सगळा हिशेब पालटतो. त्यांची तुकडी लढून अनुभव कमावत नाही. एक इमारत आहे, तिच्यात खर्च करून अनुभव विकत घ्यायचा, तोही एकदम सगळ्या पायदळासाठी, मग सगळ्या रणगाड्यांसाठी. खेळायला मजा येते, पण माझ्या मनाला हे कधी पटलं नाही. अनुभव दुकानात मिळत असता तर मी पहिला रांगेत उभा राहिलो असतो.

२००७ मध्ये ‘अपोझिंग फ्रंट्स’ नावाची भर आली, त्यात ब्रिटिश फौज आहे. तिची मुख्य छावणीच मोठ्या ट्रकवर, जिथं पाहिजे तिथं नेऊन लावायची. आणि गंमत अशी की साहेब बरोबर नसला तर टॉमीची, म्हणजे ब्रिटिश शिपायाची, पायगाडी आपल्या हद्दीबाहेर रखडत चालते. लेफ्टनंट शेजारी आला की लगेच पाय उचलतात. आमच्या कंपूतला एकजण चार हुतात्मा चौकाजवळ राहतो. त्याला कधीही ब्रिटिश घे म्हटलं की नाही म्हणतो. १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लावला, पुढच्या जानेवारीत चौघांना फासावर दिलं, आणि मी त्यांचा ट्रक हाकू? असं त्याचं म्हणणं. आम्ही हसतो, पण त्याला जर्मन घ्यायला काही वाटत नाही याचं मला नवल वाटतं. त्यावर तो म्हणतो, ‘‘ते आपल्या गल्लीत आले नव्हते.’’ यावर उत्तर आहे, पण रात्री साडेअकराला द्यायची माझी तयारी नसते.

एकट्यानं खेळायची मोहीम पंधरा लढायांची. ६ जून १९४४ च्या ओमाहा किनाऱ्यापासून ऑगस्टमधल्या फालेझच्या वेढ्यापर्यंत. पहिलीच लढाई अंगावर येते. बोटीतून उतरलेली माणसं वाळूवर पडत राहतात आणि तुम्ही एका खड्ड्यातून दुसऱ्या खड्ड्यात त्यांना नेत राहता. माझी आवडती कॅरेंटनची. आधी गाव घ्यायचं, आणि पुढच्या लढाईत तेच गाव राखायचं. आपण स्वतः फोडलेल्या भिंतींमागं आता आपल्यालाच लपायचं असतं, तेव्हा कळतं की थोडं जपून फोडायला हवं होतं. खरं कॅरेंटनही असंच गेलं होतं. हवाई पथकाच्या लोकांनी गाव घेतलं आणि १३ जूनला जर्मन उलटून आले.

एक लढाई आहे ‘हिल १९२’ची. टेकडी चढायची. ती खरी टेकडी अमेरिकनांनी ११ जुलै १९४४ ला घेतली. मी तारखांचा माणूस नाही, पण ही तारीख माझ्या डोक्यात बसलीय, कारण तिच्या आदल्या दिवशी, १० जुलैला, तिकडं इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात मराठा लाईट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे पडले. माणगाव तालुक्यातले, वय बावीस. त्यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला, ते सोडून सगळे मेले किंवा जखमी झाले. ते एकटेच मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले, ते ठाणं त्यांनी मोडलं, आणि शत्रूच्या गोळीनं गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. गेममध्ये मशीनगन समोर आली की मी माघारीचं बटण दाबतो. घाडग्यांच्या हाताशी तसं बटण नव्हतं, आणि घरी पाठवायला तुकडीही उरली नव्हती. ही लढाई खेळताना मला दरवेळी ते आठवतं आणि माझा वेग थोडा मंदावतो. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये सेनिओ नदीवर नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव जखमी साथीदारांना पाठीवर घेऊन आले आणि पुन्हा ठाण्यांवर धावले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. जाधव जिवंत राहिले, १९८४ पर्यंत.

खटकणाऱ्या गोष्टी सांगायच्या तर पहिल्या मोहिमेत सगळं अमेरिकन डोळ्यांनी दिसतं. मधल्या चित्रफितींत कप्तान, सार्जंट गंभीर आवाजात बोलतात, ते दोनदा ऐकलं की तिसऱ्यांदा पुढं ढकलावंसं वाटतं. फ्रेंच माणसाचं तर घर तेवढं दिसतं, माणूस दिसत नाही. रणगाडा मागं घ्यायचा वेगळा हुकूम या पहिल्या भागात नाही. जवळ क्लिक केलं तर तो मागं सरकतो, जरा लांब केलं की वळसा घेऊन शत्रूला पाठ दाखवतो, आणि रणगाड्याची पाठच कच्ची असते. आमच्या शेडसमोरच्या गल्लीत टेम्पो वळवताना होतं तसं. शिव्या भरपूर आहेत, हातपाय तुटलेले दिसतात. घरात लहान पोरं असतील तर ती झोपल्यावर खेळा. आमच्याकडं हा नियम आहे आणि तो मोडला की सौ. कॉम्प्युटरचं बटण सरळ भिंतीवरून बंद करते. तिच्याकडं माघार नाही.

मशीनची चिंता करू नका. माझ्या जुन्या पेटीवर, जिच्यात टॅलीसुद्धा कुरकुरते, तो सुरळीत चालतो. २०२० मध्ये तो मोबाइलवरही आला. माझा भाचा बसमध्ये पुण्याला जाताना खेळतो. मी करून बघितलं. माझं बोट जाड, मशीनगनवर ठेवलं की शेजारच्या कुंपणाला लागतं. माउसच बरा.

दुसरा भाग २०१३ चा, रशियाच्या आघाडीवरचा. त्यात थंडी हा तिसरा शत्रू आहे. हिमवादळात शेकोटीपाशी किंवा घरात माणसं नेली नाहीत तर ती गारठून मरतात, आणि गोठलेल्या नदीवर रणगाडा घातला तर बर्फ फुटून बुडतो. मी हा भाग मे महिन्यात खेळलो. बाहेर त्रेचाळीस, पत्रा तापलेला, कूलरमध्ये पाणी संपलेलं, आणि मी शेकोटी शोधतोय. पण मला तो भाग मनापासून आवडला नाही, कारण त्यानं पहिल्या भागातली सगळ्यात शहाणी गोष्ट उलटी केली. जुलै १९४२ मध्ये स्टालिननं २२७ क्रमांकाचा हुकूम काढला होता, एक पाऊलही मागं नाही. तो गेममध्ये आणलाय: काही काळ माघार घेणाऱ्या माणसांना आपलेच लोक गोळ्या घालतात. इतिहासात हुकूम होता हे खरं. पण रशियातल्या खेळणाऱ्यांना आपल्या आजोबा-पणजोबांचं हे एवढंच चित्र झोंबलं, ओरड झाली आणि तिथल्या विक्रेत्यानं विक्री थांबवली. मला त्यांचं म्हणणं थोडंफार समजतं. शिवाय खेळ म्हणूनही, इतकी वर्षं माणूस वाचवायला शिकवून झाल्यावर हे हाताला जडच जातं.

तिसरा भाग २०२३ चा, इटली आणि उत्तर आफ्रिका. माझ्या पेटीचं ते काम नाही. भाच्याकडं जुळे सोलापुरात चांगलं ग्राफिक्स कार्डवालं मशीन आहे, तिथं रविवारी जाऊन खेळतो. त्याच्याबद्दल वेगळं लिहावं लागेल, पण दोन गोष्टी सांगतो. एकट्यानं खेळताना मध्येच थांबवता येतं. सगळं जागच्या जागी गोठतं, तुम्ही शांतपणे हुकूम लावून ठेवता आणि मग सोडता. माझ्या वयाच्या माणसाला ही मोठी सोय आहे, कॅफेतल्या पोराला ती फसवणूक वाटली असती. दुसरं, ब्रिटिशांच्या बाजूला यात भारतीय तोफखाना आहे आणि गुरखे आहेत. वीस-पंचवीस लाख भारतीय त्या युद्धात होते. गेमच्या तिसऱ्या भागात का होईना, त्यांतले काहीजण पडद्यावर आले.

मागच्या संक्रांतीला, गड्ड्याची, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या यात्रेची, गर्दी बघून परत येताना आप्पांना घेऊन भाच्याकडं गेलो होतो. नंदीध्वज बघून आप्पा खुशीत होते, पण पाय दुखत होते. भाचा खेळत बसला होता. आप्पा शेजारी बसले, शेंगा फोडत. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘ह्यातले आपले कुठले?’’

भाच्यानं बोट दाखवलं.

‘‘थांबव जरा.’’

त्यानं थांबवलं. चाक फिरवून जवळ नेलं, अगदी चेहरे दिसेपर्यंत. एक भिंत, तिच्यामागं वाकलेली माणसं, एकाचा पाय अर्धवट उचललेला, धूर हवेत तसाच. आप्पांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढं ओढली आणि एकेकाकडं बघितलं, कापडावर डाग शोधतात तसं, डावीकडून उजवीकडं.

‘‘हं,’’ ते म्हणाले. ‘‘सोड आता.’’